पॅटर्न कुणाच्या खात्यात?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपच्या माळ्यावर पूर्वी जुने लाकडी पॅटर्न रचलेले असायचे. आता तिथं पाच संगणक आहेत. खाली अण्णा फाउंड्र्यांसाठी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचे साचे काढतात ते नमुने, बनवतात, वर त्यांची दोन मुलं आणि आणखी तिघं गेम बनवतात. मी कॉस्ट अकाउंटंट. अण्णांचे हिशेब वीसेक वर्षं बघतोय, त्या ओघात पोरांचेही माझ्याकडे आले. गेम खेळणं मला आजही जमत नाही, पहिल्याच डावात चितपट होतो. पण २०२३ च्या दिवाळीत त्या माळ्यावर जो वाद झाला तो खेळाचा नव्हता, हिशेबाचा होता. पुढं दीड वर्ष मी तो जवळून पाहिला. मंडळींच्या परवानगीनं, नावं गाळून, इथं मांडतोय.

पोरांचा गेम कुस्तीचा. लाल माती, एक तालीम, एक वस्ताद, चौदा पैलवान. पहिला भाग नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून केलेला. त्यानं पैसे दिले नाहीत, नाव दिलं. दुसरा भाग नोकऱ्या सोडून केला. पाच माणसं, भाडं, वीज, सॉफ्टवेअर धरून महिन्याला अडीच लाख, असे वीस महिने. म्हणजे ५० लाख.

या ५० लाखांतले २८ लाख कशावर गेले ते महत्त्वाचं आहे. तालमीची इमारत, हौदा, चौदा पैलवानांची शरीरं, आणि डाव. कलाजंग, ढाक, निकाल, घिस्सा, एकचाक असा एकेक डाव हलताना खरा वाटला पाहिजे. इचलकरंजीची एक मुलगी त्यांच्याकडे अ‍ॅनिमेशन करते. एकट्या धोबीपछाडीवर तिनं तीन आठवडे घालवले. समोरचा पाठीवरून फिरून पडतो तेव्हा मातीत खांदा आधी टेकतो की कंबर, एवढ्यासाठी ती गंगावेशीच्या तालमीत जाऊन मोबाइलवर चित्रण करून आली होती. उरलेले २२ लाख गोष्ट, पातळ्या, चाचण्या, भाषांतर आणि जाहिरातीवर.

विक्री झाली ३१,००० प्रतींची. भारतात किंमत ३४९ रुपये. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की २९६ उरतात, त्यातले ३० टक्के ऑनलाइन दुकानाचे, हातात २०७. परदेशातली किंमत जास्त, पण अर्धी विक्री सवलतीच्या आठवड्यांत होते. सगळं मिळून सरासरी प्रतीमागे १९० रुपये पडले. एकूण ५८ लाख ९० हजार. खर्च जाऊन उरले ८ लाख ९० हजार, म्हणजे साडेतीन महिन्यांचा खर्च. लोकांना वाटतं पोरं मालामाल झाली. तालमीबाहेर पेढे वाटले गेले तेही खरं.

प्रश्न होता तिसऱ्या भागाचा.

थोरल्याला मोठा गेम करायचा होता. नुसती तालीम नाही, अख्खं गाव. रंकाळ्यावरून चालत महाद्वार रोडला यायचं, खासबाग मैदान गच्च भरलेलं, पैलवानाच्या तीन पिढ्यांची गोष्ट. नऊ माणसं, तीस महिने, महिन्याला साडेचार लाख. एकूण १ कोटी ३५ लाख. किंमत ५९९ ठेवली आणि प्रतीमागे सरासरी ३०० हातात आले असं धरलं, तर नुसता खर्च निघायला ४५,००० प्रती खपायला हव्यात. आधीचा त्यांचा उच्चांक ३१,०००. बँकेत १८ लाख. उरलेल्यासाठी अण्णांची शेड तारण ठेवायची, असं थोरल्याच्या मनात होतं. अण्णांना ते अजून सांगितलेलं नव्हतं.

धाकट्याचं म्हणणं वेगळं. कोल्हापुरात तालमीचा फुटबॉल संघ असतो, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. सकाळी जोर मारणारी पेठेतली पोरं संध्याकाळी शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या पेठांविरुद्ध भिडतात. तर तीच तालीम, तेच पैलवान घ्यायचे आणि त्यांना एक उन्हाळा फुटबॉल खेळवायचा. सहा महिने, १५ लाख, किंमत १९९. प्रतीमागे १०० रुपये धरले तर १५,००० प्रतींत खर्च वसूल. मागचा गेम घेतलेल्यांतल्या निम्म्यांनी घेतला तरी पुरे.

“दादा, तुझा गेम पडला तर आपण संपलो. माझा पडला तर सहा महिने गेले, एवढंच.”

“आणि लोक म्हंतील, यांच्याकडं नवीन काय न्हाय, जुनंच उकरून विकतायत.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत मी वाचत बसलो. या धंद्यातले आकडे सहसा बाहेर येत नाहीत, पण काही आलेत. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीनं कागदपत्रं दिली. गोपनीय आकडे काळ्या मार्करनं खोडले होते, पण स्कॅन केल्यावर त्या काळ्या पट्ट्यांखालचं वाचता येत होतं. (चाळीस वर्षांत मी पाहिलेला हा सगळ्यात महागडा मार्कर.) ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमच्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर लागले होते. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१ कोटी २० लाख डॉलर, पाच वर्षं, आणि ऐन भरात असताना ३०० माणसं. प्रतीमागे ४० डॉलर हातात येतात असं धरलं तर ‘होरायझन’ला नुसता खर्च काढायला ५३ लाख प्रती लागतात. त्याच्या उलट, ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’बद्दल निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या मियामोटोंनी २०१६ मध्ये भागधारकांना सांगितलं होतं की २० लाख प्रतींत आमचा खर्च निघेल. आकडे निराळे, जात तीच. पाच वर्षं पैसा आत जातो, बाहेर काहीच येत नाही, आणि निकाल लागतो पहिल्या दोन आठवड्यांत.

म्हणून मोठ्या मालिकांच्या दोन भागांच्या मध्ये छोटे गेम येतात. हे मला नवीन नव्हतं. फाउंड्रीवाला एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर भट्टी चालवत नाही, मधल्या काळात जॉबवर्क घेतो. पण छोटे गेम स्वस्त का पडतात, यावर सगळ्यांची गल्लत होते असं मला वाटायला लागलं. लोक म्हणतात, छोटा आहे म्हणून स्वस्त. ते खरं नाही. पॅटर्न आधीच तयार आहे म्हणून तो स्वस्त.

कास्टिंगचं उदाहरण घ्या. पंपाच्या बॉडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न, कोअर बॉक्ससकट (आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा), चांगला महाग पडतो. पण एकदा झाला की पुढच्या प्रत्येक बॉडीला फक्त धातू, वाळू आणि मजुरी. आता एखाद्यानं याच पंपाचा छोटा नमुना मागितला आणि त्याला वेगळा पॅटर्न लागणार असेल, तर आकार छोटा असूनही तो स्वस्त पडत नाही. कधीकधी महागच पडतो, कारण नग कमी.

जपानमधल्या र्यू गा गोतोकु स्टुडिओनं हे गणित वीस वर्षं चालवलंय. ‘याकुझा’ मालिकेचा पहिला भाग डिसेंबर २००५ चा. टोकियोतल्या काबुकिचोवर बेतलेली कामुरोचो नावाची वस्ती त्यांनी एकदा उभी केली आणि पुष्कळसे भाग तिथंच घडवले. दुकानं बदलतात, पात्रं म्हातारी होतात, गल्ल्या त्याच. नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे आमचा वाद ऐन रंगात असताना, त्यांचा ‘लाइक अ ड्रॅगन गायडेन’ आला. साधारण सहा महिन्यांत बनवलेला, किंमत ५० डॉलर. तो पुरा केला की जानेवारी २०२४ मध्ये येणाऱ्या मोठ्या ‘इन्फिनिट वेल्थ’चा नमुना खेळायला मिळायचा. छोट्यानं मोठ्याचं सॅम्पल गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन दिलं, आणि त्या सॅम्पलसाठी गिऱ्हाइकानं पैसे मोजले. मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. पुढं ‘इन्फिनिट वेल्थ’साठी बांधलेलं होनोलुलू शहरही फेब्रुवारी २०२५ च्या समुद्री चाच्यांच्या गेममध्ये पुन्हा वापरलं.

ही युक्ती जुनीच. निन्टेंडोनं १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ची पात्रं आणि इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, घेऊन २००० मध्ये ‘मजोराज मास्क’ काढला. ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ सुरू झाला तो ‘वल्हाला’चा जोड-भाग म्हणून, मग ऑक्टोबर २०२३ मध्ये ५० डॉलरला स्वतंत्र विकला गेला. ‘स्पायडर-मॅन’मधलं न्यूयॉर्क ‘माइल्स मोरालेस’मध्ये बर्फाखाली पुन्हा दिसतं.

आता उलटं उदाहरण, आणि तेही आपल्या शेजारचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची मालिका बरीच वर्षं थंड होती. सप्टेंबर २०२० मध्ये यूबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीनं २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’चं नवं रूप जाहीर केलं आणि काम दिलं पुणे-मुंबईच्या स्टुडिओंना. आमच्या माळ्यावर त्या दिवशी चहा-वडा झाला होता, आपल्या माणसांचं नाव म्हणून. जानेवारी २०२१ ची तारीख पुढं ढकलली, मग आणखी पुढं, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. दरम्यान त्याच मालिकेतला आटोपशीर ‘द लॉस्ट क्राउन’ फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या स्टुडिओनं जानेवारी २०२४ मध्ये आणला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. विक्री कंपनीच्या अपेक्षेएवढी झाली नाही, आणि त्याच वर्षी तो गट इतर कामांवर विखुरला.

‘लॉस्ट क्राउन’ युनिटी इंजिनावर बनवलेला आहे. कंपनीचे मोठे ऐतिहासिक गेम तिच्या स्वतःच्या वेगळ्या इंजिनावर चालतात. चित्रांची धाटणी वेगळी, बाजूनं दिसणारा खेळ वेगळा. म्हणजे नाव जुनं आणि पॅटर्न सगळा नवा. माझ्या हिशेबी तो मोठ्याचा धाकटा भाऊ नव्हताच. तो एक स्वतंत्र मध्यम आकाराचा गेम होता, आणि वर मालिकेच्या नावाच्या अपेक्षा त्यानं उचलायच्या होत्या. नाव फुकट मिळतं असं वाटतं, पण त्याचं भाडं असतं.

आठ दिवसांनी मी माळ्यावर गेलो आणि सांगितलं, आधी फुटबॉलचा करा. दोन अटी घातल्या. पहिली, पंधरा लाखांच्या वर एक रुपया नाही. दुसरी, या छोट्या गेममध्ये असा एक तरी पॅटर्न नवा बनला पाहिजे जो मोठ्यात लागणार आहे. तो पॅटर्न निघाला गर्दीचा. मोठ्या गेममध्ये खासबाग भरलेलं दाखवायचं, तर हजारो माणसं एकाच वेळी उसळली पाहिजेत, आणि संगणक बसता कामा नये. तेच स्टेडियमसाठीही लागणार होतं. खाली अण्णांच्या धंद्यात सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट लागत नाही. गर्दीचं सॅम्पल १९९ रुपयांच्या गेममध्ये पास करून घ्यायचं, असं ठरलं.

दुसरी अट पाळली. पहिली मोडली.

डिसेंबर २०२३ मध्ये काम सुरू झालं. मे अखेर, मैदानावरचा हंगाम लोकांच्या डोक्यात ताजा असताना विक्रीला आणायचा बेत होता. मार्चमध्ये गेलो तर पडद्यावर रंकाळा.

“हे काय?”

“न्हाय, काका, एवढं केलंयच तर सामना जिंकल्यावर पोरं रंकाळ्यावर जातात की. त्याशिवाय मजा न्हाय.”

“याचे किती दिवस?”

“वीस-पंचवीस.”

“कुणाच्या खात्यात?”

कुणी बोललं नाही. यात मजा अशी की रंकाळा घालणारा थोरला नव्हता, काटकसरीचा धाकटाच होता. छोटा गेम छोटा ठेवायला मोठ्यापेक्षा जास्त शिस्त लागते, कारण प्रत्येक भर स्वतंत्रपणे पाहिली तर परवडणारीच वाटते. सहाचे आठ महिने झाले, पंधराचे वीस लाख. गेम आला ऑगस्टमध्ये, भर पावसात, मैदानात चिखल असताना.

पहिल्या सहा महिन्यांत ११,००० प्रती गेल्या, सरासरी १०४ रुपयांनी. जमा ११ लाख ४४ हजार. रिव्ह्यू बरे होते, पण दोन तक्रारी पुन्हा पुन्हा यायच्या. एक, तीन तासांत संपला. दुसरी, परत तीच तालीम. पहिलीचं मला विशेष वाटलं नाही, १९९ मध्ये तीन तास वाईट नाहीत. दुसरी लागली. धातूचा पॅटर्न वापरून झिजतो, हजारो साचे काढल्यावर मापात बसत नाही. गेममधला पॅटर्न वापरून झिजत नाही, तो झिजतो बघणाऱ्याच्या नजरेत. कामुरोचोत बहुतेक वेळा काळ पुढं सरकलेला असतो म्हणून ती वस्ती शिळी वाटत नाही. आमच्या तालमीच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पोरांनी बदललं नव्हतं. मला ते एका रिव्ह्यूमधून कळलं, आणि मग मी स्वतः जाऊन पाहिलं. होतं तेच. पान जानेवारीचंच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हिशेबाला बसलो. आणि इथं हे प्रकरण मला खरं रंगतदार वाटतं, कारण एकाच गेमचे तीन कागद तयार झाले.

पहिला कागद सरळ. खर्च २० लाख, जमा ११ लाख ४४ हजार. पण फुटबॉलचा गेम आल्यावर जुना कुस्तीचा गेमही उचलला गेला. आधीच्या सहा महिन्यांत त्याच्या २,१०० प्रती गेल्या होत्या, या सहा महिन्यांत ६,४००. वाढीव ४,३०० प्रती, सवलतीत सरासरी ९५ रुपयांनी, म्हणजे ४ लाख ८ हजार. ही जमा छोट्याच्या पुण्याईची, म्हणून त्याच्या बाजूला धरली. तरीही तोटा ४ लाख ४८ हजार.

दुसरा कागद धाकट्याचा. अ‍ॅनिमेशन करणाऱ्या मुलीनं रोजच्या कामाच्या तासांची वही ठेवली होती (या माळ्यावर तेवढी एकच वही विश्वासाची). तिच्यावरून गर्दीच्या कामाला ४ लाख ८० हजार लागल्याचं निघालं. “ते मोठ्या गेमचं काम आहे, त्याच्या खात्यात टाका,” धाकटा म्हणाला. टाकलं की छोट्याला ३२ हजारांचा नफा.

तिसरा थोरल्याचा. तालीम आणि पैलवान २८ लाखांचे, तीन गेममध्ये वापरायचे, तर एक तृतीयांश या गेमवर का नको? ९ लाख ३३ हजार चढवले की तोटा १३ लाख ८१ हजार.

नफा ३२ हजार, तोटा साडेचार लाख, तोटा पावणेचौदा लाख. बँकेच्या पासबुकात तिन्ही वेळा शिल्लक तीच.

माझं मत मी तेव्हाच सांगितलं. थोरल्याचा कागद पुढं काय करायचं हे ठरवायला कुचकामी आहे. २८ लाख दुसऱ्या भागानं वसूल केले, ते परत कुणी मागायला येणार नाही. अण्णाही गिऱ्हाइकानं पुरे पैसे दिलेल्या पॅटर्नची किंमत पुढच्या लॉटवर लावत नाहीत, फार तर डागडुजी लावतात. तशी डागडुजी इथंही होती. इंजिनची नवी आवृत्ती आल्यावर पैलवानांचे कपडे हवेत तरंगायला लागले होते, ते जागेवर आणायला दोन आठवडे गेले. तो खर्च छोट्यावर पडलाच पाहिजे, आणि तो २० लाखांत धरलेला आहे.

धाकट्याचा कागद जास्त फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. गर्दी मोठ्यात लागणार हे ठरलेलं होतं. पण असं काम ‘पुढच्या’ खात्यात ढकलायची सवय लागली की प्रत्येक छोटा गेम नफ्यातच दिसतो, आणि सगळं ओझं गोळा होतं त्या मोठ्यावर, जो अजून विकायचाय.

यात अ‍ॅनिमेशनवाल्या मुलीनं एक मुद्दा काढला, जो तिन्ही कागदांवर नव्हता. ती म्हणाली, “काका, आठ महिने आम्ही पाचजण मोठ्यावर बसलो असतो तर तो आठ महिने लवकर आला असता की. त्याचं काय?” प्रश्न बिनतोड. पण मोठ्या गेमच्या सुरुवातीच्या महिन्यांत कामच दोघांपुरतं असतं. गोष्ट लिहायची, नकाशे आखायचे. अ‍ॅनिमेशनवाल्यांना पगार देऊन बसवून ठेवावं लागतं, नाहीतर ती माणसं पुण्याला जातात आणि परत येत नाहीत. थोरल्यानं त्या आठ महिन्यांत फुटबॉल सांभाळून तिसऱ्या भागाची गोष्ट पुरी केली होती. तेव्हा उशीर झाला, पण आठ महिन्यांचा नाही. मी तीन धरले, ती चार म्हणते.

शेड तारण पडली नाही. मोठा गेमही मूळचा राहिला नाही. अख्ख्या गावाऐवजी एक पेठ, तालीम आणि खासबाग. सात माणसं, अंदाजे ८० लाख, त्यातला निम्म्याहून जास्त एका बाहेरच्या प्रकाशकाकडून हप्त्यांनी, विक्रीतल्या वाट्याच्या बदल्यात. वाटा वजा करण्याआधी प्रतीमागे तेच ३०० रुपये धरले तर २७ हजारांच्या आसपास प्रती लागतात, आणि तेवढ्या त्यांनी एकदा विकलेल्या आहेत. प्रकाशकाला हप्त्यासाठी राजी केलं ते गर्दीनं. स्टेडियमवर गोल झाल्यावर अख्खा स्टँड उसळतो, ती चाळीस सेकंदं त्यांनी बैठकीत दोनदा लावून पाहिली.

म्हणून ४ लाख ८० हजारांची एंट्री मी शेवटी मोठ्याच्या खात्यात हलवली. धाकटा खूश झाला आणि लगेच त्याच्या चेहऱ्यावर शंका आली.

“खासबागेत गोलाकार बसायचं असतंय, काका. आपली गर्दी सरळ स्टँडवर बसवलेली. तिथं नाही चालली तर?”

“तर?”

“तर ती एंट्री परत इकडं येणार?”

थोरला हसला. खालून अण्णांच्या रंध्याचा आवाज येत होता. मी ती एंट्री अजून पेन्सिलीनंच ठेवली आहे.